आठ वर्षं पेटी वाजवली, हात तिथेच राहिला: अर्ध्या तासाचा नेमका रियाज



उधारी वसुलीच्या व्हिडिओत माझ्या मागे कपाटावर पेटी दिसत होती. व्हिडिओ होता उधारीचा आणि प्रश्न आले पेटीचे! "सर, तुम्ही वाजवता का?" वाजवतो. गावच्या भजनी मंडळात, आठ-नऊ वर्षं झाली. पण त्याच्या पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटला. बऱ्याच जणांनी विचारलं, की आम्हीपण पेटी, तबला, कीबोर्ड शिकत होतो, धंद्यात पडल्यापासून सुटलं. आता दुकान बंद केल्यावर जेमतेम अर्धा तास मिळतो. अर्ध्या तासात काही होतं का?

होतं. पण त्या अर्ध्या तासात तुम्ही काय करता यावर सगळं आहे. मी आठ वर्षं चुकीचं करत होतो, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहितो. ज्यांना हार्मोनियम-कीबोर्डचा क्लास काढायचा आहे त्यांच्यासाठी शेवटी वेगळा भाग आहे. पण आधीचं वाचल्याशिवाय तिकडे उडी मारू नका.

सोळाशे तासांचा हिशेब

आमच्या मंडळात पेटीचा मुख्य माणूस म्हणजे आबा. वय सत्तरीच्या पुढे. मी त्यांच्या शेजारी दुसऱ्या पेटीवर, म्हणजे क्रिकेटच्या भाषेत नॉन-स्ट्रायकर. गेल्या वर्षी आबांचा हात थरथरायला लागला आणि माघातल्या सप्ताहाला पेटीवर मी बसायचं असं मंडळानं ठरवून टाकलं. मला कुणी विचारलंच नाही. सप्ताह म्हणजे सात दिवस, रोज वेगळे कीर्तनकार आणि रोज वेगळी पट्टी. कुणी पांढरी चारला गाणार, कुणी काळी दोनला. हातात सात आठवडे होते.

त्या रात्री गल्ल्यावरच्या कॅल्क्युलेटरवर सहज हिशेब केला. आठवड्याला दोन भजनं, प्रत्येकी दोन तास. वर्षाचे साधारण पन्नास आठवडे, अशी आठ वर्षं. सोळाशे तास झाले. सोळाशे तास एखादी गोष्ट केल्यावर माणूस त्यात पक्का व्हायला पाहिजे की नाही? आणि मला तर सप्ताहाच्या विचारानं पोटात गोळा आला होता.

आबांकडे गेलो. म्हटलं, "आबा, मला जमंल का?"

"जमंल की. पण वरच्या सा वरनं झरकन खाली येताना मधी तुझा हात अडकतोय. आठ वर्सं तिथंच अडकतोय."

"मग सांगितलं का नाही कधी?"

"तू इचारलंस कवा?"

खरं होतं. मी दर गुरुवारी आणि एकादशीला जाऊन वाजवून येत होतो. टाळ-पखवाजाच्या आवाजात माझी चूक झाकली जायची, मंडळी खूश, मी खूश. घरी पेटी काढली तरी जे येतं तेच वाजवायचो, कारण जे येतं ते वाजवायला छान वाटतं.

फॉल्ट शोधायची पद्धत

माझं दुकान इलेक्ट्रिकलचं आहे, म्हणून मला हे असं समजलं. घरात सारखी एमसीबी पडत असेल तर चांगला वायरमन काय करतो? सगळ्या घराचं वायरिंग उपटत नाही आणि पडलेली एमसीबी पन्नास वेळा नुसती वर-खालीही करत नाही. सगळ्या लाइन बंद करतो आणि एकेक चालू करत जातो. ज्या लाइनला ट्रिप होते तिथे थांबतो. मग त्या लाइनवरचा पॉइंट, मग त्या पॉइंटच्या मागची ढिली वायर.

आपण वाद्य वाजवताना बरोबर उलटं करतो. भजनात मधेच अडखळलो की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. चूक मधल्या दोन सेकंदांत आहे आणि आपण पाच मिनिटांचं भजन दहा वेळा वाजवतोय. म्हणजे पन्नास मिनिटांत त्या अडचणीवर झाली जेमतेम वीस सेकंदांची मेहनत. बरं, त्या दहा वेळांपैकी आठ वेळा चूकच वाजली, म्हणजे बोटांनी पाठ काय केली? चूक. बोटांना चूक-बरोबर कळत नाही, जे जास्त वेळा होतं ते त्यांच्यात बसतं.

संगीतात याच्यावर झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला, अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांचा. पियानो शिकणाऱ्या सतरा वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना शोस्ताकोविच या रशियन संगीतकाराच्या रचनेतला एक छोटासा अवघड तुकडा दिला. हवा तेवढा वेळ सराव करा म्हणाले. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा वाजवून घेतला आणि कुणी किती चांगला वाजवला याचे क्रमांक लावले. मग सरावाचे रेकॉर्डिंग तपासले. क्रमांकाचा संबंध सरावाच्या मिनिटांशी लागला नाही आणि किती वेळा वाजवलं त्याच्याशीही लागला नाही. संबंध लागला तो कुणी किती टक्के वेळा बरोबर वाजवलं त्याच्याशी. वरच्या नंबरातली मुलंही सुरुवातीला चुकत होतीच. पण ती चुकली की तिथंच थांबायची, चूक नेमकी कुठे आणि कशामुळे झाली ते धरायची, लय कमी करायची आणि ती जागा सुधारेपर्यंत पुढे जायची नाहीत.

आबांनी हेच एका वाक्यात सांगितलं होतं, पण आपल्याला आबांपेक्षा टेक्सासवर विश्वास बसतो, त्याला इलाज नाही.

मी सात आठवडे काय केलं

पहिल्या दिवशी फक्त रेकॉर्डिंग. मोबाइल पेटीपासून हातभर लांब ठेवला आणि टाळ-पखवाजाशिवाय एकट्यानं वाजवलं. ऐकवत नव्हतं. वाजवताना आपल्या कानाला सगळं बरोबर वाटतं, कारण लक्ष बोटांकडे असतं. दुसऱ्या दिवशी ऐकलं तर चूक उघडी पडते. म्हणून सांगतो, रेकॉर्डिंग लगेच ऐकू नका, एक रात्र जाऊ द्या.

ऐकल्यावर कळलं की सां नि ध प म ग रे सा या उतरणीत म आणि ग च्या मधे एक बारीक खड्डा आहे. सूर तुटतोय. सावकाश वाजवलं तर कळत नव्हतं, लय वाढली की स्पष्ट. ही झाली जागा. आता कारण.

कारणासाठी पुन्हा आबांकडे. त्यांनी पेटी समोर ठेवली, म्हणाले सावकाश ये खाली. मी आलो. पट्टी पांढरी एक होती. करंगळी, अनामिका, मधलं, तर्जनी असं करत म वर अंगठा आला. आता पुढच्या ग साठी मधलं बोट अंगठ्याच्या वरून पलीकडे जायला पाहिजे, आणि ते अंगठा पट्टीवर दाबलेला असतानाच. मी काय करत होतो, तर अख्खा पंजा उचलून पुढे नेऊन ठेवत होतो. तेवढ्यात सूर सुटायचा. आठ वर्षांत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं, आबांनी दहा सेकंदांत दाखवलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. जागा मी मोबाइलवर शोधली, पण कारण मला शोधता आलं नसतं. मी "बोटांना स्पीड नाही" असं समजून वेगाचे अलंकार घोटत बसलो असतो आणि पंजा उचलायची सवय आणखी पक्की केली असती. यूट्यूब बघून शिकणाऱ्यांचं इथंच नुकसान होतं. व्हिडिओ तुमचा हात बघत नाही. (माझं चॅनेलही यूट्यूबवरच आहे, तरी सांगतो.) महिन्यातून एकदा का होईना, जाणत्या माणसासमोर बसून वाजवा आणि विचारा, माझं कुठे अडकतं?

मग सराव. अख्खं भजन बंद. अख्खी उतरणसुद्धा बंद. फक्त तीन सूर: प म ग. मोबाइलवर मेट्रोनोम लावला, मिनिटाला ५० ठोके, ठोक्याला एक सूर. इतक्या सावकाश, की घरच्यांना वाटलं पेटी बिघडली. नियम एकच ठेवला: सलग पाच वेळा बरोबर आलं तरच लय पाचनं वाढवायची. मधे एकदा जरी खड्डा पडला तरी मोजणी शून्यापासून. दोनदा लागोपाठ चुकलो तर लय पुन्हा पाचनं खाली.

हा नियम ऐकायला सोपा वाटतो, करताना चिडचिड होते. चार वेळा बरोबर येतं आणि पाचव्यांदा घात होतो. पण त्या पाचव्याच्या भीतीनंच लक्ष राहतं. नाहीतर दहाव्या मिनिटाला बोटं पेटीवर आणि डोकं उद्याच्या जीएसटी रिटर्नवर असतं. लक्ष नसताना केलेला सराव मी मोजत नाही.

पाच-सहा दिवसांत तीन सूर १०० च्या लयीत बसले. मग एक सूर मागचा जोडला, एक पुढचा: ध प म ग रे. लय पुन्हा ७० वर. जोडताना खाली यावं लागतं, त्यात वाईट वाटून घेऊ नका. मग पूर्ण उतरण. मग ती उतरण भजनाच्या ज्या ओळीत येते तेवढी एक ओळ. अख्खं भजन दहाव्या-बाराव्या दिवशी.

आणि एक कसोटी, जी मला सगळ्यात उपयोगी पडली. रोज पेटी उघडल्यावर पहिल्यांदा, बोटं गरम व्हायच्या आधी, ती उतरण एकदाच वाजवायची आणि वहीत खूण करायची: आली की नाही. काल रात्री विसाव्या वेळेला आली होती त्याला किंमत नाही. सप्ताहात बुवा तुम्हाला वीस वेळा संधी देत नाहीत, पहिल्याच वेळी यावी लागते.

माझ्या अर्ध्या तासाचा साचा असा झाला: ती एक कसोटी, मग एखादा अलंकार दोन-तीन मिनिटं, मग पंधरा मिनिटं फक्त त्या दिवसाच्या गाठीवर, आणि उरलेला वेळ मनासारखं वाजवायला. हा शेवटचा भाग काढू नका. गाठ सोडवण्यात मजा नसते. रोज नुसती गाठच असेल तर महिन्याभरात पेटी माळ्यावर जाते. मात्र मनासारखं वाजवणं हा रियाज झाला असं वहीत लिहू नका.

पट्टी बदलली की गाठ बदलते

तिसऱ्या आठवड्यात जरा हवेत गेलो होतो, तेव्हा पांढरी चारला तीच उतरण वाजवली आणि जमिनीवर आलो. पेटीवर पट्टी बदलली की बोटांचा सगळा नकाशा बदलतो. पांढरी एकला उतरताना अंगठा म वर येतो. पांढरी चारला तो प वर येतो आणि अनामिकेला अंगठ्यावरून जाऊन म ची काळी पट्टी धरावी लागते. काळी दोनला अंगठा ध वर येतो आणि परत एकदा रे वर, म्हणजे एका उतरणीत दोन गाठी. ही आबांची बोटं, दुसऱ्या पेटीवाल्याची वेगळी असू शकतात. सांगायचा मुद्दा, "उतरण आली" असं काही नसतं. या पट्टीत, या लयीत आली, एवढंच म्हणता येतं.

तबलावाल्यांचंही तसंच. तिरकिट बरोबरीत स्वच्छ येतं आणि दुगुनीत त्याचा चिखल होतो, तेव्हा ते दोन वेगळे धडे समजा. गाणाऱ्यांना आणि बासरीवाल्यांना अजून एक त्रास, सूर स्वतः लावायचा असतो. पेटीत सूर कंपनीनं लावून दिलेला असतो, त्यामुळे आम्ही त्या बाबतीत आळशी. त्यांनी तानपुऱ्याचं ॲप लावूनच बसावं.

एकेक गाठ पक्की व्हायला लागली की आणखी एक बदल केला. पंधरा मिनिटं एकाच पट्टीत न घालवता पाच-पाच मिनिटं तीन पट्ट्यांत. असं केलं की त्या रात्री वाजवणं वाईट होतं, पण दुसऱ्या दिवशीच्या कसोटीला जास्त टिकतं. मला तरी तसं दिसलं.

आणि ते दहा हजार तास?

मोटिव्हेशनच्या सेमिनारला गेला असाल तर दहा हजार तासांचा नियम ऐकलाच असेल. कुठल्याही गोष्टीत दहा हजार तास घाला आणि उस्ताद व्हा. ज्यांच्याकडे रोज अर्धा तास आहे त्यांनी भागाकार केला तर पंचावन्न वर्षं येतात. मग माणूस पेटी विकूनच टाकतो. म्हणून हा आकडा आला कुठून ते माहीत असू द्या.

तो आला संगीतातूनच. अँडर्स एरिक्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं दोन सहकाऱ्यांबरोबर पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तो १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा-दहा जणांचे तीन गट: शिक्षकांच्या मते सर्वोत्तम, चांगले, आणि पुढे संगीत शिक्षक होणारे. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत एकट्यानं केलेला सराव काढला तर पहिल्या गटाचा सरासरी सुमारे ७,४००, दुसऱ्याचा ५,३००, तिसऱ्याचा ३,४०० तास. पहिला गट विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजारांच्या आसपास पोचत होता. सरासरी! म्हणजे त्या सर्वोत्तम गटातलेही बरेच जण तिथपर्यंत पोचले नव्हते. २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेलच्या 'आउटलायर्स' पुस्तकानं त्याचा नियम करून टाकला. एरिक्सनला ते पटलं नव्हतं. त्याचं म्हणणं होतं की तासांपेक्षा त्या तासांत काय केलं हे महत्त्वाचं, आणि त्यानं त्याला नाव दिलं होतं डेलिबरेट प्रॅक्टिस: शिक्षकानं तुमची कमतरता बघून आखलेला, एका ठरावीक गोष्टीवरचा, लगेच चूक दाखवणारा सराव.

त्याच अभ्यासात मला सापडलेल्या कामाच्या गोष्टी वेगळ्या. त्या विद्यार्थ्यांना एकट्यानं केलेला सराव सगळ्यात उपयोगी वाटत होता आणि मौजेचा मात्र फारसा वाटत नव्हता. आणि वरच्या गटातली मुलंसुद्धा एका बैठकीत साधारण तास-दीड तासच सराव करत, मधे विश्रांती घेत, दुपारी झोपतही. म्हणजे एकाग्रतेला मर्यादा तिथेही आहे. दिवसभर गल्ल्यावर बसलेल्या माणसानं रात्री अकराला दोन तास घोटण्यात अर्थ नाही. माझा हात वीस मिनिटांनंतर ढेपाळतो, तेव्हा मी गाठ सोडून देतो.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सर एकतर्फी बोलतात. २०१४ मध्ये मॅक्नामारा आणि सहकाऱ्यांनी असे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले. संगीतात माणसामाणसांच्या कौशल्यात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे २१ टक्के भाग अशा सरावानं समजावता येतो. बाकी इतर गोष्टी: सुरुवात कधी केली, उपजत कान, आणि काय काय. सराव मोठी गोष्ट आहे, पण तीच सगळं नाही. आणि नोकरी-व्यवसायांच्या बाबतीत तो आकडा निघाला एक टक्क्याहूनही कमी!

म्हणून मी धंद्याच्या बॅचमध्ये दहा हजार तास शिकवत नाही. पेटीत म वरून ग वर कसं जायचं याचं उत्तर ठरलेलं आहे, चूक लगेच ऐकू येते. दुकानात मी या दिवाळीला कुठला माल जास्त भरला हे चुकलं की बरोबर, ते मला कार्तिकात कळतं, आणि तेव्हा बाजार बदललेला असतो. रियाजाची ही पद्धत जिथे चूक लगेच दिसते तिथे चालते. बीबीएत आम्हाला असे दोन्हीकडे चालणारे तक्ते भरपूर शिकवले होते, त्यातले निम्मे दुकानात उपयोगाचे निघाले नाहीत.

सप्ताहात काय झालं

पाच दिवस व्यवस्थित गेले. पांढरी चारच्या बुवांनी गजरात लय इतकी चढवली की पखवाजवाला घामेघूम, पण उतरण आली. आबा खांबाला टेकून बसले होते, त्यांनी मान हलवली नाही, पण बघितलं.

सहाव्या दिवशी काळी दोन. माझ्या वहीत काळी दोनच्या पानावर कसोटीच्या खुणा दहातल्या सहा होत्या. वहीनं मला आधीच सांगितलं होतं की ही उतरण अजून तयार नाही. म्हणून त्या दिवशी मी ती घेतलीच नाही. सां, प, सा असे साधे मोठे सूर धरले आणि बुवांना साथ दिली. कुणाला काही कमी वाटलं नाही. वही नसती तर मी नक्की उडी मारली असती आणि हजारभर माणसांसमोर आपटलो असतो.

क्लास काढणाऱ्यांसाठी

आता तुमचा धंदा. हार्मोनियम-कीबोर्डच्या क्लासला पालक मूल घालतात ते जूनमध्ये, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर निम्मी मुलं येत नाहीत, ही तक्रार मी क्लासवाल्यांकडून नेहमी ऐकतो. ते म्हणतात मुलांना आवड नाही. मला वाटतं मुलाला आपण पुढे सरकतोय असं दिसत नाही आणि पालकांनाही दिसत नाही. तुम्ही विकता काय? तर प्रगती. ती दिसली नाही तर गिऱ्हाईक फी कशाची देईल?

आधी बॅचचा हिशेब करा. एक तास, दहा मुलं, म्हणजे एका मुलाच्या हाताकडे बघायला तुम्हाला सहा मिनिटं. त्यात हजेरी आणि पेटी लावणं-काढणं गेलं तर चार. आबांना माझी चूक दहा सेकंदांत दिसली हे खरं, पण ती सुटली का ते बघायला वेळ लागतो. चार मुलांची बॅच केली तर पंधरा मिनिटं मिळतात. फी तेवढी वाढवावी लागेल, आणि ती का वाढवली हे पालकांना सांगता आलं पाहिजे. "मी प्रत्येकाचा हात बघतो" हे सांगण्यासारखं कारण आहे.

दुसरं, क्लास आठवड्यातून दोन दिवस, घरी पाच दिवस. मूल खरं घडतं किंवा बिघडतं ते त्या पाच दिवसांत. वहीत "सरगम गीताचा सराव करणे" असं लिहून देऊ नका. असं लिहा: "दुसऱ्या ओळीतले चार सूर, मेट्रोनोम ६०, सलग पाच वेळा बरोबर, रोज दहा मिनिटं." दहा वर्षांच्या मुलाला एवढं नेमकं सांगितलं की ते करतं. आणि पालकांकडून आठवड्याला एकच, अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर मागवा. पहिल्या आठवड्यातलं रेकॉर्डिंग जपून ठेवा. तीन महिन्यांनी दोन्ही रेकॉर्डिंग पालकांना शेजारी शेजारी ऐकवा. याहून चांगली जाहिरात मला माहीत नाही, आणि फुकट आहे.

परीक्षांबद्दल विचारलंय बऱ्याच जणांनी. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिकेपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा आहेत, त्यांना पालकांमध्ये मान आहे, त्यांना बसवा. बाहेरचा माणूस येऊन मुलाचं वाजवणं ऐकतो, हे चांगलंच. मात्र परीक्षेच्या आधी चार महिने तेच ठरलेले तुकडे अथपासून इतिपर्यंत घोटत बसलात तर मुलाचे आणि माझे सोळाशे तास सारखेच.

पहिल्या वर्षी मुलांसाठी वाद्यं विकत घेऊन ठेवू नका, हेही सांगतो. घरी वाद्य नसलेलं मूल पाच दिवस काय करणार? प्रवेश देतानाच विचारा, घरी पेटी किंवा कीबोर्ड आहे का. नसेल तर दोन जुन्या पेट्या दुरुस्त करून भाड्यानं द्या. भाड्याचं आणि डिपॉझिटचं गणित पुढच्या रविवारच्या व्हिडिओत घेतोय, त्यात भात्याची गळती तपासायची पद्धतही दाखवेन, जुनी पेटी घेताना बहुतेक जण तिथंच फसतात.

मी स्वतः आज रात्री काळी दोन. ध वरून प, लय ६५.